पस्तीसची रेघ

प्रवाळ घरात आलं तेव्हा ज्याने ते मागवलं होतं तो घरात नव्हता. सहा महिन्यांपूर्वी तो बायकोच्या आणि बापाच्या हातावर तुरी देऊन ऑफिसातल्या एका बाईबरोबर दुसऱ्या शहरात निघून गेला होता. जाताना मागे ठेवून गेला ती हॉलमधली काचेची टाकी, तिच्यातलं खारं पाणी, चार दगड आणि खालच्या कपाटात समुद्री मिठाची एक बादली. हौस दांडगी पण टिकाऊ नाही, असा त्याचा एकूण स्वभाव. बायकोच्या बाबतीतही तेच झालं म्हणायचं.

मग एके दिवशी माशांच्या दुकानातून फोन आला. "साहेबांनी सांगून ठेवलेला तुकडा आलाय. कधी नेताय?" साहेब कुठे आहेत हे समजावून सांगणं सूनबाईच्या जिवावर आलं. त्यापेक्षा जाऊन घेऊन येणं सोपं होतं, म्हणून ती गेली आणि घेऊन आली. हिरवट रंगाचा, मुठीएवढा जिवंत तुकडा, त्याला बोटांसारखी मऊ टोकं.

सूनबाई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. सासऱ्यांच्या तोंडातली कवळीही तिच्याच हातची. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती वेळेवर कामाला गेली होती आणि तिने एकाच्या कवळीत वरचे सहा दात बसवले होते. सांत्वनाला आलेल्या बायका तिचे कोरडे डोळे बघून हिरमुसल्या होऊन परत गेल्या. ती धीराची वगैरे नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं. दाढ काढताना सुई टोचल्यावर गाल असतो ना, आपलाच असून आपला नसलेला, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती.

सासऱ्यांचं वेगळं नव्हतं. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी अडतीस वर्षं आचारी म्हणून काढली होती. पाचशे माणसांच्या पातेल्यात ते मुठीने मीठ टाकायचे आणि कधी चिमूटभरही इकडचं तिकडे झालं नव्हतं. मुलाने जे केलं त्यानंतर त्यांना सुनेच्या नजरेला नजर देता येईना. ते सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करत, तिला वाढत, स्वतः खात. बोलणं म्हणजे "वाढू का" आणि "पुरे." बाकी दोघंही मूग गिळून बसलेली.

दर रविवारी ताईचा फोन यायचा. ताई म्हणजे सूनबाईची मोठी बहीण, आणि तिच्या घरात एक खोली रिकामी होती.

"छोटे, तू त्या घरात कोणाची म्हणून राहिली आहेस? नवरा नाही, पोरबाळ नाही. उचल बॅग आणि ये."

"येते. हे प्रवाळ एकदा नीट लागू दे."

"आणि मेलं तर?"

"मेलं तर तशीही येतेच."

सासरे तेव्हा स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. सुरीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दुकानदाराने तिला सगळं पढवून पाठवलं होतं. "ताई, एकच गोष्ट लक्षात ठेवा. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. मीठ उडत नाही. म्हणून वरून घालायचं ते फक्त साधं पाणी." मीठ मोजायला त्याने एक नळी दिली होती. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा, नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत आकडे आणि रेघा दिसायच्या. निळा रंग पस्तीसच्या रेघेवर थांबला की प्रवाळ खूश.

दोन आठवडे प्रवाळ खूश होतं. दिवा लागला की फुगायचं, टोकं पाण्याच्या झोताबरोबर हलवत राहायचं. सूनबाई कामावरून आली की टाकीसमोर स्टूल घेऊन बसायची. आनंद व्हायचा असं नाही, पण तेवढा वेळ बरा जायचा.

तिसऱ्या आठवड्यात ते आकसायला लागलं. टोकं आत गेली, कडेने पांढरा सांगाडा दिसू लागला. तिने नळी लावली तर छत्तीस. तिने बादलीभर पाणी बदललं. पुढच्या रविवारी सदतीस, आणि त्याच्या पुढच्या रविवारी अडतीस. तिने नळी धुतली, पुसली, पुन्हा लावली. अडतीसच.

दुकानदार काऊंटरवर कोपरं टेकून म्हणाला, "ताई, मीठ आपोआप वाढत नाही. कोणीतरी घालतंय."

"घरात आम्ही दोघंच आहोत."

"मग दोघांतलंच कोणीतरी. आणखी आठ-दहा दिवस असंच चाललं तर ते हाती लागायचं नाही."

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतली भट्टी बिघडली आणि सगळ्यांना दुपारी सोडलं. सूनबाई घरी आली, दार उघडलं, तर सासरे टाकीपाशी उभे. एका हातात पाण्याचा मग, दुसऱ्या हातात मोठा चमचा, पायाशी मिठाची बादली उघडी. मगमधलं मीठ चमच्याने ढवळून त्यांनी ते निगुतीने टाकीच्या कडेला ओतलं. मग बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि मान हलवली.

"बाबा."

ते दचकले, पण चमचा लपवला नाही.

तिने शांतपणे विचारलं, "मुद्दाम करताय? ते लागलं की मी जाणार म्हणून?"

"मुद्दाम?" म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "अगं, ते लागावं म्हणून करतोय. तू त्या दुकानदाराला फोनवर म्हणालीस, पाणी समुद्रासारखं पाहिजे. दुपारी बघतो तर पार अळणी. रोज चव घेऊन घालतो. मिठाचं मला सांगू नकोस."

"अडतीस झालंय. समुद्रापेक्षा खारट."

"शक्य नाही." त्यांनी पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाटलं. जीभ टाळ्याला लावून बराच वेळ उभे राहिले. "मला साधं पाणीच लागतंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुझी कवळी बिघडली असेल."

"कवळीला दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी चव लागत होती ना?"

ते स्टुलावर बसले. चमचा अजून हातातच होता.

"मग भाजी?" त्यांनी विचारलं. "भाजी कशी होते हल्ली?"

"ठीक असते."

"ठीक म्हणजे?"

तिने कालचं जेवण आठवून पाहिलं. परवाचं पाहिलं. त्या सात महिन्यांतला एकही घास तिला आठवेना. "मला सांगता येत नाही, बाबा. मी नुसती जेवते."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. ती मागोमाग गेली. कचऱ्याच्या डब्यात मिठाचा रिकामा पुडा होता, आणि फळीवरचा नवाही निम्मा झाला होता. पूर्वी एक पुडा महिनाभर पुरायचा. जेवताना दोघंही बाटल्यांवर बाटल्या पाणी रिचवत, हेही तिच्या तेव्हाच लक्षात आलं. उकाड्याला दोष देऊन दोघं मोकळी झाली होती. घरात मीठ जास्त झालंय हे सांगणारं कोणी असेल तर ते टाकीतलं मुठीएवढं जनावर, आणि तेही मरायला टेकलेलं.

दुकानदाराने बजावलं होतं, मीठ एकदम उतरवू नका, रोज थोडं थोडं. तसंच केलं. सूनबाई सकाळी दोन मग खारं पाणी काढून दोन मग साधं घालायची. सासऱ्यांनी मिठाची बादली तिच्या स्वाधीन केली आणि टाकीला हात लावणं सोडलं. आता ते स्वयंपाक करून तिच्यापुढे चमचा धरत. "मीठ बघ." ती चाखायची आणि म्हणायची, "ठीक आहे."

अकराव्या दिवशी तिने नळी डोळ्याला लावली. पस्तीस. तो रविवार होता. दुपारपर्यंत प्रवाळाची दोन टोकं बाहेर आली, संध्याकाळपर्यंत सगळी. पांढरा सांगाडा मांसाखाली झाकला गेला आणि ते पूर्वीपेक्षाही मोठं दिसू लागलं.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "लागलं का गं तुझं ते?"

सूनबाई टाकीसमोरच उभी होती. प्रवाळ हिरवंगार, टोकं डोलवत होतं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

फोन ठेवून वळली तर सासरे दारात, हातात रश्शाचा चमचा. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग सात महिन्यांत पहिल्यांदा सरळ तिच्याकडे.

"खोटं बोललीस."

"हो."

"बरं. मीठ बघ."

तिने चमचा तोंडात घेतला. गरम होतं. आणि अळणी होतं, इतकं की घास घशाखाली उतरेना.

"बाबा, अळणी आहे."

"नक्की?"

"नक्की. मीठच नाहीये यात."

"चार दिवस नाहीये," ते म्हणाले. "मी घातलंच नाही. तू रोज ठीक आहे म्हणत होतीस."

 आणि मग तिला राग आला. नवऱ्याचा, त्या बाईचा, त्या टाकीचा, चार दिवस आपल्याला असं बेचव खाऊ घालणाऱ्या या म्हाताऱ्याचासुद्धा. राग आल्याबरोबर रडूही आलं, आणि कडकडून भूकही लागली. तिने नाक पुसलं, स्वयंपाकघरात जाऊन बरणी ओढली, पातेल्यात मीठ टाकलं, ढवळलं, चाखलं, आणखी चिमूटभर टाकलं. मग चमचा भरून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी डोळे मिटून चाखलं. बराच वेळ वाट बघितली.

"मला नाही कळत अजून," ते म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली आणि दोन ताटं घेतली. "कळेपर्यंत मी सांगत जाईन."