बिनधुराचा जाळ

"जनावरं किती?" विस्तार अधिकाऱ्यांनी अर्जावरून मान न उचलता विचारलं.

"न्हाईत, साहेब."

"एकपण नाही?"

"शेळी हाय एक," कचरू म्हणाला.

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. मार्चअखेरचं उद्दिष्ट गाठायचं तर कचरूशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. जाफराबाद तालुक्यात गोबरगॅसचा घुमट विटांत असा बांधणारा, की आतला गॅस कुठूनही निसटणार नाही, तो एकच गवंडी होता. साहेबांनी अर्जातल्या छापील ओळीवर बोट ठेवलं. अनुदान हवं तर गोठ्यात किमान चार जनावरं हवीत.

"शेण कुठून आणशील?"

"बायको आन्ती की. अण्णासाहेबांचा गोठा झाडून राह्यली धा वर्षं. मजुरीपायी निम्मं शेण तिचंच अस्तंय."

"अरे, पण गोठा त्यांचा ना!" साहेबांनी अर्ज बाजूला सारला आणि दुसरा पुढं ओढला. "हे बघ, अण्णासाहेबांचंच मंजूर झालंय. सोमवारपासून लाग कामाला."

कचरू हिरमुसला; पण खरं सांगायचं तर काम मिळाल्याचा आनंदही झाला. गोबरगॅसच्या प्रशिक्षणाहून परत आला त्या दिवशी त्यानं बायकोला, तुळजाबाईला, बिनधुराच्या जाळाचा शब्द दिला होता, आणि घरामागं मापात खड्डाही खणून ठेवला होता. आज ना उद्या नियम बदलेल, असं तो धरून चालला होता.

अण्णासाहेबांचं बांधकाम त्यानं जीव ओतून केलं. ज्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर त्याचा बाप आयुष्यभर उभा राहिला, तिथं तो पाइप घेऊन आत गेला. गावोगावी एक रीत पडली होती, नव्या शेगडीवरचा पहिला चहा गवंड्याला. अण्णासाहेबांच्या सुनेनं, गिरिजाबाईनं, तो कपबशीत दिला. कचरू घरी आला तो फुगूनच.

"अशी निळी ज्योत निघाली म्हन्तो! भांड्याला काजळी न्हाई."

तुळजाबाई गोवऱ्या थापत होती. तिचे हात थांबले.

"मंग शेण आता टाकीत जाईन का?"

"जाईनच की."

"समदं?"

कचरूच्या आत्ता ध्यानात आलं. इतके घुमट बांधले, प्रत्येक घरात शेणपाण्याचा हिशेब तोंडपाठ सांगितला, आणि ही एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली नव्हती.

"शेवटच्याच म्हना की ह्या गवऱ्या," ती म्हणाली आणि पुन्हा थापू लागली. तिनं भांडण केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती पऱ्हाट्या वेचायला शिवारात जाऊ लागली. कापसाची ती काडं नीट वाळली तर भसकन जळून जात, ओली असली की नुसती धुमसत. मागच्या खड्ड्यात तिनं पऱ्हाट्याच भरून ठेवल्या. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचे आणि मग चार महिने घरात धूर कोंडे. ती फुंकत राही, खोकत राही, पदराच्या टोकानं डोळे टिपत राही.

कचरू दरसाल अर्ज देई. साहेब बदलले, नियम बदलला नाही. चार जनावरं घेण्याइतकी मजुरी कधी साचली नाही. दोनदा त्याला उत्कृष्ट गवंडी म्हणून सर्टिफिकेट मिळालं. ते भिंतीवर काळं पडत गेलं.

त्या बांधकामानंतर तेराव्या वर्षी जालन्याच्या डॉक्टरांनी तुळजाबाईच्या पापण्या वर करून पाहिल्या. "फार उशीर केलात," एवढंच ते म्हणाले. दोन्ही बुबुळांवर फूल पडलं होतं, नजर गेली होती.

त्याच हिवाळ्यात अण्णासाहेबांच्या घरचा पाइप गळू लागला म्हणून कचरूला बोलावणं आलं. तो बायकोचा हात धरून गेला. पाइप जोडून झाल्यावर म्हणाला, "वैनी, हिला एकडाव शेगडीपाशी बसू द्या. म्या शब्द दिल्ता."

गिरिजाबाईनं पाट मांडला. तुळजाबाई बसली आणि बसताबसताच तिनं नाकाला पदर लावला, डोळे घट्ट मिटून घेतले. कचरूनं चावी फिरवली, काडी ओढली. ज्योत फुरफुरून स्थिर झाली. अगदी निळी.

तुळजाबाई पदर तसाच धरून वाट पाहत राहिली.

"पेटवा की," तुळजाबाई म्हणाली.

"पेटलाय, तुळजा."

"उगं कामून फसवता? धूर न्हाई आला."

गिरिजाबाईनं तिचा हात हलकेच धरून शेगडीजवळ नेला. ऊब लागताच तुळजाबाईनं बोटं पसरली, चूल चाचपतात तशी. मग हात तिथंच राहू दिला.

"हाय खरं," ती म्हणाली.

गिरिजाबाईनं चहाचं आधण ठेवलं.  कचरू उगाच पाइपचा जोड पुसत बसला. चहा उकळून कपात ओतला गेला, त्यानं शेगडी बंद केली, तरी तुळजाबाईनं नाकावरचा पदर काढला नव्हता.