दोन नजरांची सरासरी

हृदयाच्या वाहिन्या तपासून मोकळ्या करण्याच्या कॅथलॅबमध्ये त्या गुरुवारी सकाळी एक टेबल, चार पडदे, शिशाचे सहा कोट, दोन डॉक्टर आणि तीन मतं होती. तिसरं मत टेबलावर आडव्या पडलेल्या मामांचं होतं; ते कुणी विचारलं नव्हतं.

मामांची भाची याच लॅबमध्ये तंत्रज्ञ. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जिथे दुभंगते, नेमक्या त्या फाट्यावर मामांना अडथळा होता. भाचीचा माणूस म्हणून दोन्ही डॉक्टर आपणहून आले आणि तिथेच घोळ झाला. एरवी सोमवारी आणि बुधवारी ‘एकवाले’ सर असत. त्यांच्या मते स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, एकच, तोही मुख्य वाहिनीत. बाजूची फांदी आपलं आपण बघून घेते. मंगळवारी आणि शुक्रवारी ‘दोनवाले’ सर. फाट्याला वाटा दोन, मग स्टेंटही दोन. भाचीने सहा महिन्यांचं रजिस्टर चाळलं होतं. एकवाल्यांच्या एकवीस रुग्णांपैकी अठरा जणांना एक पुरला होता, दोनवाल्यांच्या वीसपैकी सतरा जणांना दोन लागले होते. आजाराला वार कळत होता.

रजिस्टरमध्ये ‘फांदीचा अडथळा, टक्के’ असा रकाना होता. तो नजरेने भरायचा. दोघे एकत्र असले की दोनवाल्यांना नव्वद दिसत, एकवाल्यांना पन्नास. भाची निमूटपणे सत्तर लिहायची आणि पुढे ज्याचा आवाज चढा त्याचं चालायचं. सात वर्षांत तक्रार आली नव्हती. सत्तर मात्र आजवर कुणालाच दिसले नव्हते.

मुख्य वाहिनीत पहिला स्टेंट बसला आणि फांदीचं तोंड पडद्यावर चिमटल्यासारखं दिसू लागलं. दोनवाले म्हणाले, नव्वद, दुसरा बसवू. एकवाले म्हणाले, पन्नास, आवरा आता. मग एकाने परिषदेत दाखवलेल्या आपल्या स्लाइडची आठवण करून दिली, दुसऱ्याने त्या स्लाइडवर पिकलेल्या हशाची. शेवटी दोघेही भाचीकडे वळले. लिहा, ताई.

पेन रकान्यावर टेकलं आणि तिथेच अडलं. दुसरा स्टेंट उगाच गेला, तर मामांच्या हृदयात जन्मभर जास्तीचा धातू आणि गुठळीची जास्तीची भीती. गरज असून नाही गेला, तर फांदीपुरतं हृदय उपाशी. यातलं खरं काय, तिला माहीत नव्हतं. सत्तर खरं नाही, एवढं माहीत होतं.

मामा जन्माचे शिंपी. नळी मनगटातून घातलेली, म्हणून भूल फक्त तिथेच; कान शाबूत.

“पोरी,” ते म्हणाले, “हे दोघे मघापासून नजरेनंच कापड बेततायत. टेप नाही का तुमच्याकडे?”

टेप होती. दाब मोजणारी तार दीड वर्ष कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून होती; मुदत संपायला अकरा दिवस उरले होते. भाचीने ती आणून ट्रेमध्ये ठेवली.

“आज मी सरासरी लिहिणार नाही, सर. मोजूया.”

“माझी नजर पंचवीस वर्षांची आहे,” दोनवाले म्हणाले.

“माझी चाळीस वर्षांची, साहेब,” मामा म्हणाले. “तरी टेप गळ्यातच असायची.”

एकवाले हसले. मग आपल्यालाही मोजूनच घ्यावं लागणार हे ध्यानात आलं, तसं हसू ओसरलं. अट ठरली. अडथळ्यापलीकडचा दाब भागिले अलीकडचा दाब. उत्तर ०.८० किंवा कमी आलं तर दुसरा स्टेंट, जास्त आलं तर काम संपलं. आकडा आपल्याच बाजूने येणार, असं दोघांनीही आधीच जाहीर करून टाकलं.

तार फांदीत उतरली. रक्ताचा वेग वाढवणारं औषध सुरू झालं, मामांची छाती जड झाली. होईल कमी, असं भाचीने सांगितलं; मामांनी मान हलवली. आकडा ०.९७ वरून घसरू लागला. ०.९३. ०.८९. दोनवाल्यांचा हात स्टेंटच्या पाकिटाकडे गेला. एकवाल्यांनी घसा खाकरला. मग आकडा थांबला. भाचीने दोन मिनिटं वाट पाहिली, तार अडथळ्याच्या अलीकडे ओढायला सांगून आकडा पुन्हा तपासला. तिथे दोन्ही दाब सारखे, १.०० होतं, म्हणजे तार बरोबर होती.

टक्क्यांच्या रकान्यावर तिने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ०.८६.