केराच्या शेवटच्या मिरच्या

बल्गेरियातल्या स्लिवेनमध्ये सप्टेंबर लागला हे पूर्वी कॅलेंडरात बघावं लागत नसे. जिन्यात भाजलेल्या मिरच्यांचा वास सुटला की समजायचं, हिवाळ्याची बेगमी सुरू झाली. आता त्या अख्ख्या इमारतीत मिरच्या भाजणाऱ्या दोघीच उरल्या होत्या, नेदा आणि तिच्या समोरच्या दारातली केरा. दोघी विधवा, दोघी पंच्याहत्तरीच्या पुढच्या आणि गुडघ्यांच्या बाबतीत सारख्याच नशीबवान. त्यातली केराही येत्या रविवारी लेकीकडे स्पेनला निघाली होती, कायमची.

म्हणून नेदाने यंदा हट्टाने पोतंभर लांब लाल, ढोबळीसारख्या गोड्या मिरच्या आणवल्या. केराला म्हणाली, "लेकीला बरण्या घेऊन जा."

"एवढं ओझं विमानात कोण घेऊन बसणार?"

"मग नको नेऊस. सोलायला तर येशील?"

खरं तर नेदाला मिरच्यांचं निमित्त हवं होतं. एक प्रश्न चाळीस वर्षं तिच्या घशात अडकून बसला होता, आणि रविवारनंतर तो विचारायला माणूसच राहणार नव्हतं.

त्या काळी, कम्युनिस्ट राजवटीत, दुकानात केळी दिसायची ती फक्त नववर्षाला, आणि तीही रांगेतल्या पुढच्यांनाच. मिरच्या-टोमॅटो मात्र पोत्याने. वीज दोन तास असायची, दोन तास गुल. वीज आली रे आली की प्रत्येक गॅलरीत मिरच्या भाजायची विजेची भट्टी एकदम लागायची आणि सगळ्या जिन्याचा फ्यूज उडायचा. यंदा पाळीपाळीने लावू, असं दरवर्षी ठरायचं. आणि दरवर्षी प्रत्येकाला वाटायचं, माझ्या एका भट्टीने काय आभाळ कोसळणार आहे? मग सगळे एकमेकांच्या नावाने खडे फोडत अंगणात उतरायचे आणि लाकडं पेटवायचे. सामायिक कढईत मिरची-टोमॅटोची ल्युतेनित्सा रटरटायची, घरची ब्रँडी हातोहात फिरायची. पोर कुणाचंही असो, त्याला पावावर गरम चटणी थापून मिळायची. आता दुकानात बरण्यांच्या ओळी लागल्यात आणि चवीला सगळ्या सारख्याच मचूळ. जिन्यात भेटलेला माणूस मोबाइलमध्ये मान घालून निघून जातो. नेदाला विचाराल तर ती सरळ सांगेल, मला ते दिवस परत हवेत. त्यावर तिचा मुलगा फोनवर चिडतो, "आई, स्तामेनकाकांचं काय झालं ते विसरलीस का?"

विसरते कुठली. स्तामेन म्हणजे केराचा नवरा, कापड गिरणीत मुकादम, जिभेला हाड नसलेला. एका वर्षी असाच फ्यूज उडाला, सगळीकडे अंधार झाला, आणि कढई ढवळता ढवळता तो म्हणाला, "पक्ष आपल्यासाठी उजेड घेऊन निघालाय म्हणे. वाटेत त्याचाही फ्यूज उडाला असेल." कढईपाशी तेव्हा चौघंच होती, ही दोन जोडपी, वर मात्र खिडक्या सताड उघड्या. चौघंही पोट धरधरून हसली. त्याच आठवड्यात स्तामेनला घेऊन गेले. बऱ्याच महिन्यांनी परतला तो गिरणीचं गोदाम झाडायला. त्यानंतर कढईजवळ त्याने तोंड उघडलं ते फक्त खायला.

आणि पुढच्याच वसंतात नेदाच्या नवऱ्याला, मिंचोला, मोस्कविच गाडी मिळाली. वर्षानुवर्षं न लागलेला नंबर अचानक लागला. नेदा त्या दिवशी अक्षरशः नाचली होती. आपलाच नंबर कसा लागला, हा किडा डोक्यात शिरला तो नंतर. मिंचोला विचारायचा धीर तिला कधी झाला नाही, आणि आता तो जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

भाजलेल्या मिरच्या पातेल्यात झाकून ठेवून दोघी गॅलरीत सोलायला बसल्या. काळी सालं बोटांना चिकटत होती.

"केरा," नेदा म्हणाली, "स्तामेनचं कुणी सांगितलं असेल गं?"

केराने देठ ओढून बिया झटकल्या. "आज बरी आठवण झाली तुला."

"आमच्यावर संशय आला होता का तुझा?"

"तुमची मोस्कविच दारात उभी राहिली, त्या दिवशीच आला."

नेदाचे हात थांबले. "आणि सप्टेंबरात त्याच गाडीत बसून मिरच्यांची पोती आणायला आलीस?"

"मग काय, डोक्यावरून आणणार होते?"

नेदाला हसू आलं आणि त्या हसण्याचीच तिला लाज वाटली. मग ती म्हणाली, "राजधानीत, सोफियाला, आता कचेरी आहे. गुप्त पोलिसांची जुनी दप्तरं बघू देतात. तू अर्ज करायचास."

"लेक हात धुऊन मागे लागली होती. नाही गेले."

"का पण?"

"मिंचोचं नाव निघालं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मी कुणाच्या दारात आले असते?" केरा मिरचीकडे बघतच बोलत होती. "स्तामेन घरातही गप्पच असायचा. तुझ्याशीही बोलणं टाकलं असतं तर वेड लागलं असतं मला."

नेदा वाट बघत राहिली. अजून एक वाक्य यायचं राहिलं होतं. तो मिंचो नव्हता गं, खिडकीतलं कुणीतरी असेल, एवढंच. केरा खोटं बोलली असती तरी चाललं असतं. तेवढं ऐकायलाच तर नेदाने हा घाट घातला होता.

केराने ते म्हटलं नाही. पातेल्यातली पुढची मिरची उचलून तिने नेदाच्या हातात ठेवली.

"सोल," ती म्हणाली. "गार झाल्या की सालं निघत नाहीत."