बॅटरीला बांधलेली झडी

माझी रेवा पाच महिन्यांची, आणि सोमवारपासून मला मालवणच्या पोस्टात पुन्हा कामावर हजर व्हायचं होतं. त्यासाठी गेले वीस दिवस माझी तयारी चालली होती. पहाटे ती एका अंगाला पीत असायची तेव्हा दुसऱ्या अंगाचं दूध हातपंपाने काढायचं, बोटभर बाटलीत भरायचं, वर तारीख लिहायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायचं. अशा अकरा बाटल्या झाल्या होत्या. पावडरचं दूध रेवाने दोनदा माझ्या खांद्यावर थुंकून परत केलं होतं. तेव्हा त्या अकरा बाटल्यांवरच माझं सोमवारचं जाणं ठरलेलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी वाऱ्याने एक माड तारांवर आडवा झाला आणि सगळ्या देवबागची लाईट गेली. आमची वाडी मात्र निवांत होती. आमच्या चौदा घरांत मिळून एक बॅटरी आहे. ज्याच्या त्याच्या कौलांवर सोलरचे पत्रे, आणि दिवसभरात वापरून उरलेली वीज कुरसाजवळच्या, म्हणजे वाडीतल्या क्रुसाजवळच्या, त्या कपाटाएवढ्या बॅटरीत जाते. लाईट गेली की तीच चौदा घरांना पुरते. नियम एकच: अशा वेळी दिवे, पंखा आणि फ्रीज चालवायचे. मिक्सर, इस्त्री, पंप बंद.

बॅटरीची चावी परशुरामकाकांकडे. काका पूर्वी होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुख्य होते, म्हणून वाडी त्यांचं ऐकते, आणि ऐकलं नाही तर काका ओरडतात.

शनिवारी सकाळी अकराला मी रेवाला कडेवर घेऊन बॅटरी बघून आले. आकडा होता शंभरातले एकसष्ट. बारा वाजता फ्रीजचा आवाज थांबला.

मी धावत गेले तर काका तिथे होतेच, कमरेवर हात ठेवून. बॅटरीवर लाल दिवा, आकडा गेलेला.

"लाल म्हणजे पोट रिकामां," काका म्हणाले. "कोणीतरी वीज खाल्ल्यान." मग त्यांनी समोरच्या घराकडे तोंड केलं. "अगो बर्नादेत! मिक्सर लावलंस काय तू?"

बर्नादेतमावशी हात पुसत बाहेर आल्या. बोटांना वाटपाची, म्हणजे नारळाच्या वाटणाची, हळद होती.

"माका कित्याक इचारतास? वाडीत माझोच एकटीचो मिक्सर आसा?"

"वाटपाचो वास माझ्या घरापर्यंत इलो!"

"मग नाक झाकून बसाचां होतां!" मावशी म्हणाल्या, आणि जरा थांबून हळू आवाजात, "लावलंय. पण दोनच फेरे. नारळ खोवलेलो, तो काय तसोच ठेवू?"

"दोन फेरे! चौदा घरां काळोखात घातलंस!"

माझ्या डोळ्यांसमोर काळोख नव्हता, त्या अकरा बाटल्या होत्या. कुडाळच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, सोमवारी संध्याकाळी येतो, त्याआधी जमणार नाही. बर्फाचा विचार मनात आला, पण जून लागला होता. होड्या वर काढलेल्या, मासेमारी बंद, बर्फाचा कारखानाही बंद. एरवी जिथे बर्फ चिखलासारखा तुडवत जावं लागतं तिथे एक खडासुद्धा मिळणार नव्हता.

घरी आले तर सासूबाई फ्रीजच्या दाराला पाठ लावून खुर्ची टाकून बसल्या होत्या. "कोणाक उघडूक देवचंय नाय," म्हणाल्या. मला हसूही आलं आणि रडूही.

तेवढ्यात रेवाने भोकाड पसरलं. दूध नको, झोका नको, खुळखुळा नको. तिच्या डोक्याला लोकरीचं टोपडं, अंगात झबलं, वर दुपटं. वारा सुटलाय, पोर गारठेल, म्हणून सासूबाईंनी सकाळीच बांधून ठेवलं होतं. मी तिला घेऊन पुन्हा बाहेर पडले, आणि कुरसाच्या सावलीत दुपटं काढलं, टोपडं काढलं. आत केस घामाने चिकटलेले, मान लाल. खाडीवरून झुळूक आली तशी ती गप्प झाली, मोठ्ठा उसासा टाकला, आणि माझ्याकडे बघून हसली. इतका वेळ काय करत होतीस, असं.

मी समोर बघितलं. बॅटरी दिसतच नव्हती. दिसत होती ती झडी.

आमच्याकडे मे महिन्यात सगळ्या घरांना झडी बांधतात. माडाची चुडतं विणून झाप करायचे आणि पावसाची तिरकी सर भिंतीला लागू नये म्हणून पडव्यांना आडवे बांधायचे. यंदा काकांनी आपल्या घराआधी बॅटरीला बांधली. आठवडाभर स्वतः विणून, तीन बाजूंनी दुहेरी, आतून प्लास्टिक. आकडा दिसावा म्हणून हातभर खिडकी तेवढी ठेवली होती. सगळी वाडी बघायला आली होती आणि अशी झडी देवळालाही नाही, असं सगळ्यांनीच म्हटलं होतं. मीसुद्धा.

मी खिडकीतून हात आत घातला. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ हाताला लागली.

"काका," मी म्हटलं, "वीज तिच्या पोटात आसा. तिका उकडता."

"कोणाक?"

"बॅटरेक. अकरा वाजता एकसष्ट होतां. दोन फेऱ्यांत एकसष्ट कशी खाईत मावशी? दिवाळीत ती बसवताना फिटरान सांगलेलां ना, हवा लागाक होयी?"

काका माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या टोपड्याकडे बघत राहिले. झडीचा प्रत्येक झाप त्यांच्या बोटांनी विणलेला होता. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी कोयता काढला आणि सुंभ कापायला लागले.

"भिजवूया काय गोणपाट?" कोणीतरी विचारलं.

"पाणी नको!" मी आणि काका एकदमच म्हणालो.

झाप उतरले, प्लास्टिक निघालं. मागच्या जाळीतून गरम हवेचा भपकारा आला. मग वाट बघणं. बर्नादेतमावशी सूप घेऊन आल्या आणि जाळीपुढे उभं राहून बॅटरीला वारा घालायला लागल्या.

"जेजू," म्हणाल्या, "तांदूळ पाखडलेत, बॅटरी पहिल्यांदाच पाखडतंय."

काका खाली बसून झाप रचत होते. मग मान वर न करता म्हणाले, "बायो, चुकलंय मी. तुका उगीच बोललंय."

"नुसतां चुकलंय?" मावशींचं सूप थांबलं नाही. "उद्यापासून लाईट येयसर माझां वाटप तुमी पाट्यावर वाटाचां."

"वाटतंय."

"बारीक."

"बारीक वाटतंय गो!"

दीड तासाने लाल दिवा विझला. थोडा वेळ काहीच नाही. मग हिरवा लागला, आणि आकडा उमटला: चौसष्ट. सगळा वेळ वीज तिच्या पोटातच होती! वाडीतले पंखे एकेक करत फिरू लागले.

मी घरी पळाले. सासूबाई खुर्चीवरून उठल्या, मी फ्रीजर उघडला. दहा बाटल्या दगडासारख्या. दाराजवळची एक मात्र पार वितळलेली, अजून गार.

"ही आता परत गोठवता येणार नाही," मी म्हटलं. "आजच द्यायला हवी."

आणि मग मला कळलं, ज्याची मला खरी भीती होती ते आत्ताच होणार. बाटल्या भरल्या होत्या, पण माझ्याशिवाय ती कोणाकडून पिईल की नाही हे मी आजवर करूनच बघितलं नव्हतं.

सासूबाईंनी बाटली गरम पाण्यात धरली, वाटी-चमचा घेतला, रेवाला मांडीवर आडवं केलं. मला म्हणाल्या, "तू दाराआड रव. तुका बघल्यान तर घेवची नाय."

मी दाराआड उभी राहिले. पहिला चमचा ओठांवरून ओघळला. दुसऱ्याला तिने तोंड वाकडं केलं. तिसरा गिळला. मग चमचा येण्याआधीच तोंड उघडायला लागली, पाखराच्या पिल्लासारखी, आणि माझी आठवण तिने एकदाही काढली नाही.

"पी गो बाय," सासूबाई सांगत होत्या, "आवस तुझी पोस्टात जातली, टपाल वाटतली."

"आई, मी टपाल नाही वाटत, काउंटरवर असते," मी दाराआडून म्हटलं.

"तू गप रव!"

वाटी रिकामी झाली. सासूबाईंनी पदराने रेवाचं तोंड पुसलं, बाजूला पडलेलं टोपडं उचललं, क्षणभर हातात धरलं, आणि घडी करून फ्रीजवर ठेवून दिलं.

संध्याकाळी काका बॅटरीला पुन्हा झडी बांधत होते. या वेळी चारी बाजूंना दीड हात अंतर सोडून, वळचणीसारखी पुढे काढून. पाट्यावर वाटलेल्या खोबऱ्याने त्यांची बोटं अजून पांढरी होती. मावशींनी उद्यापर्यंत वाट बघितली नव्हती.