हसू, तिसरा प्रयत्न

कार्यालयात तिला भिंगबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होते. ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे काढलेल्या या बाईकडे प्रकाशनसंस्थेने एकच काम सोपवले होते: विस्मृतीत गेलेल्या गोष्टींच्या जाडजूड पुस्तकातला प्रत्येक दावा तपासायचा आणि पटला तरच पानाखाली सही करायची. पहिल्या आवृत्तीत एका गोड गोष्टीवर तिने डोळे झाकून सही केली. ती धादांत खोटी निघाली आणि संस्थेला जाहीर माफी मागावी लागली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. ही बाई आधी ते ताकच आहे का, हे पाही.

नव्या आवृत्तीचे शेवटचे पान हसण्याचे होते. तीसेक वर्षे असंख्य श्रुतिका आणि चित्रपट यांत एकाच बाईचे ध्वनिमुद्रित हसू वापरले गेले होते. कधी चेटकिणीच्या तोंडी, कधी नव्या नवरीच्या, एकदा तर पोपटाच्या. ऐकले सर्वांनी, पण ते कोणाचे, हे कोणालाच माहीत नव्हते. पुरावा म्हणजे मूळ फितीचा पत्र्याचा डबा. त्यावर ध्वनिमुद्रकाच्या अक्षरात लिहिले होते: ‘मावशी. हसू. तिसरा प्रयत्न.’ खाली त्रेसष्ट वर्षांपूर्वीची तारीख.

डबा घेऊन आला होता त्या दिवंगत ध्वनिमुद्रकाचा थोरला मुलगा. इस्त्रीचा सदरा आणि तयार उत्तरे.

“सरळ गोष्ट आहे, मॅडम. हे हसू माझ्या मावशीचं. आईची एकुलती एक बहीण. हा बघा फोटो, मायक्रोफोनसमोर उभी आहे.”

फोटो खरा होता. भिंगबाईने तो भिंगाखाली, मग तिरप्या उजेडात पाहिला. खोट सापडली नाही, म्हणून तिचा संशय वाढला.

“डब्यावर अक्षर कोणाचं?”

“बाबांचं. पैजेवर सांगतो.”

“तुमच्या आईची बहीण तुमच्या बाबांची कोण?”

“मेहुणी.”

“मग मेहुणीला ते मावशी का म्हणतील?”

तो हसला. “अहो, घरोघरी तसंच असतं. मुलं म्हणतात म्हणून मोठेही म्हणतात. आमच्या बाबांना शेजारीसुद्धा बाबाच म्हणायचे.”

मुद्दा बिनतोड होता. तिने तो कागदावर उतरवला, मग त्याने भरून दिलेला अर्ज पुढे ओढला. वय: एकसष्ट. भावंडांतला क्रम: थोरला.

“फीत त्रेसष्ट वर्षांपूर्वीची. तुम्ही जन्मलात त्याच्या दोन वर्षांनी. घरात मूलच नव्हतं, तर मावशी म्हणायला शिकवलं कोणी?”

सदऱ्याची इस्त्री तशीच राहिली, चेहऱ्याची मोडली. तो वेगळ्याच आवाजात बोलला. “मॅडम, ती पंच्याऐंशीची आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. तिच्या डोळ्यांदेखत तिचं नाव छापून यावं, एवढंच आहे हो. पान आज सहाला छापखान्यात जातंय ना?”

तीन वाजले होते. रडवेला स्वर हा पुरावा नव्हे, हे भिंगबाईला पक्के माहीत होते. साक्षीदार हयात असताना अर्जावर निकाल देणे हीही चूकच, हेही माहीत होते. तिने पिशवीत ध्वनिमापक टाकला.

“चला. मला त्यांच्या हसण्याचा नमुना लागेल. फितीवरच्या आलेखाशी ताडून पाहते.”

मावशी खिडकीशी खाटेवर उशांना टेकून बसली होती. देह मूठभर, नजर मात्र शाबूत.

“ही कोण रे? पुन्हा नवी डॉक्टर?”

“डॉक्टर नाही, मावशी. तुझ्या हसण्याची परीक्षा घ्यायला आल्यात.”

“माझ्या?” मावशीने भाच्याकडे पाहिले. “तू अजून तेच दळण दळतोयस?”

भिंगबाईने खुर्ची पुढे ओढली. “तुम्ही त्या दिवशी तिथे होतात?”

“होते की. याच्या बापाने स्टुडिओत नेलं होतं, ‘तुझा आवाज गोड आहे, जरा हस,’ म्हणून. फोटो काढला आणि म्हणाला, हस! असं हुकमावर हसू येतं होय गं? दोनदा झालं, फितीवर नुसता श्वास. दारात झाडूवाली मावशी बादली घेऊन उभी होती. माझं तोंड बघून तिला जे हसू फुटलं, ते थांबेचना. यंत्र चालूच होतं.”

“नाव काय तिचं?”

“नाव कोण विचारतंय! सगळे मावशी म्हणायचे, मीही. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल, बस.”

भाचा खाटेच्या कडेवर बसला. “इतकी वर्षं सांगितलं का नाहीस गं?”

“तू विचारलंस कधी? फोटो हाती लागला आणि गावभर मिरवत सुटलास. मी एवढंच म्हणाले होते, की मी तिथे होते. मग सगळे कौतुक करायला लागले.” ती खिडकीकडे वळली. “कौतुक वाईट नसतं रे. म्हणून गप्प बसले.”

स्वतःच्या तोट्याची साक्ष सहसा खरी असते. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. भिंगबाईने ध्वनिमापक उशीपाशी ठेवून सुरू केला. “तरी एकदा हसून दाखवा.”

“बघ, ही पण हुकूम सोडते!” असे म्हणताना मावशीला खरोखरच हसू आले. खांदे गदगदले, डोळे पाण्याने भरले, खाट करकरली. तोंडातून मात्र आवाज फुटला नाही. खाटेची करकर तेवढी ध्वनिमापकाच्या पडद्यावर दोन काटे होऊन उमटली. बाकी रेघ सपाट. भाचा ती रेघ पाहत राहिला. मावशी अशी मुक्याने हसते, हे एकसष्ट वर्षांत त्याच्या ध्यानात आले नव्हते.

“असंच हसता नेहमी?”

“लहानपणापासून. आई म्हणायची, मुलगी हसते की उचकी लागलीय?”

भाच्याने स्वतः पेन उघडले, अर्जावरचे मावशीचे नाव खोडले आणि कागद भिंगबाईकडे सरकवला. “द्या तुमचं काय ते लिहून.”

तिने तिथेच गुडघ्यावर कागद धरून लिहिले: ‘हे हसू बहुधा स्टुडिओत झाडलोट करणाऱ्या बाईचे. सगळे तिला मावशी म्हणत. नाव मिळाले नाही.’ खाली सही केली आणि फोनवर संपादकांना मजकूर वाचून दाखवला.

“झकास, बाई! फक्त ते ‘बहुधा’ काढा. त्यानं गोष्टीची मजा जाते.”

“साक्षीदार एकच आहे,” भिंगबाई म्हणाली. “बहुधा राहू द्या, नाहीतर सही खोडते.”