‘आणि’च्या जागी ‘किंवा’

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. घाटनांदूरच्या शिवारात सामायिक विहिरीवरची मोटार मी आपोआप चालू-बंद करायचो. विहीर भागवत आणि सोमेश्वर या सख्ख्या भावांची. दोघांत बोलणं उरलं नव्हतं, नुसती खुन्नस होती. मला घडवलं ते भागवतच्या मुलीनं, वर्षाराणीनं, इंजिनिअरिंग शिकताना.

तिनं मला शिकवलं की, जगात नुसतं हो आणि नाही नसतं. माती बारा आणे कोरडी असते, विहीर चार आणे भरलेली असते. मग नियम दिला: ‘माती कोरडी असेल आणि विहिरीत पाणी असेल, तर मोटार चालव.’ मध्ये ‘आणि’ असला की दोन्हींतलं कमी ते धरायचं. म्हणून मी चार आण्यांपुरतीच, थोडा वेळ मोटार चालवायचो. त्यावर दोघांच्याही बागा तगल्या. सुरुवातीला सोमेश्वरसुद्धा पाहुण्यांना मला कौतुकानं दाखवायचा.

पुढं कडक उन्हाळ्यात त्याच्या मोसंबीची पानं वळली.

“डबा पुतणीचा. त्यो तिच्या बापाचंच ऐकणार!” असं पुटपुटत त्यानं माझं झाकण उघडलं आणि बटणं दाबून ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ घातला.

‘किंवा’ असला की दोन्हींतलं जास्त ते धरायचं. माती चौदा आणे कोरडी होती, विहिरीत पाणी जेमतेम एक आणा. हुकूम तो हुकूम. मी चौदा आण्यांच्या जोरानं मोटार सोडली. विहिरीचा तळ उघडा पडला, मोटार कोरडीच फिरली आणि जळाली.

“तुझ्या पोरीच्या डब्यानं मोटार खाल्ली!” असं भागवतला म्हणत सोमेश्वरनं मला टिकावाच्या दांड्यानं हाणलं. माझ्या पडद्याची काच तडकली, पण नियमाची अक्षरं दिसत होती. वर्षाराणीनं ती वाचली.

“काका, हा ‘किंवा’ कुणी घातला?”

“मला कावून इचारती? बापाला इचार!”

“सोम्या, माझ्या पोरीवर ढकलतो बे?” भागवतनं त्याची गचांडी धरली.

वर्षाराणीनं भांडण सोडवलं नाही. तिनं मला खांबावरून उतरवलं. “डबा मी नेते. पाणी कसं वाटायचं ते तुमी तोंडानं बोला.”

ते बोलले नाहीत. दोन्ही बागा वाळल्या. दोघांनी आपापली झाडं सरपणासाठी तोडली, तीही एकमेकांकडे पाठ करून.

मी आता खताच्या पोत्यांखाली पडून आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. यंत्र चुकलं असं वाटलं, तर दांडा उचलण्याआधी एवढंच बघा, त्याला शब्द कोणता दिला होता आणि कुणी.