सरूचं चालणं

वहिनीनं सरूच्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली, तशी तिच्या नवऱ्यानं, रघूनं, ती उचलून स्वतःच्या ताटात ठेवली.

"तीन महिने झाले, रोज सकाळी चालायला जाते," पंगतीकडे बघत तो म्हणाला. "काटा अर्धा किलो पण हलला नाय. नदीवर चालते की वडापावच्या गाडीवर जाऊन बसते, काय कळत नाय."

सरूच्या माहेरी, कासू गावी, तिच्या भाच्याचा साखरपुडा होता. पंगत हसली. सरूचा भाऊ पोपट आमटी वाढता वाढता थांबला, तोही हसला. फक्त तिची आई, ठमाबाई, हसली नाही. सरूनं पानातला भात संपवला, हात धुतला. संध्याकाळच्या गाडीनं दोघं रोह्याला परतली, तेव्हा ती एरवीसारखंच बोलत होती. कोणत्या काकूला ओळखलंच नाही, मुलीकडची माणसं कशी साधी आहेत, असलंच काहीबाही. रघू खिडकीबाहेर बघत राहिला.

माहेरी असताना भाताच्या लावणीला दिवसभर वाकणारी ही बाई रोह्याच्या दोन खोल्यांत आल्यावर हळूहळू जडावत गेली होती. दोन बाळंतपणांनंतर तर जिना चढताना मध्येच कठड्याला धरून थांबायची. पंचेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली, रक्तदाब निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि रोज तासभर चालायला सांगितलं. तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. वजन मात्र चौऱ्याण्णवच्या आसपासच घुटमळत होतं.

आणि खरी गोष्ट अशी, की ती कुठं जाते हे रघूला चांगलं ठाऊक होतं. साखरपुड्याच्या पंधरा दिवस आधी, सुट्टीच्या दिवशी, तो गुपचूप तिच्या मागे गेला होता. पूल ओलांडून ती कुंडलिका नदीच्या काठाकाठानं चालत होती. दोनदा कमरेवर हात ठेवून थांबली, पदरानं मान पुसली, पुन्हा निघाली. वडापावच्या गाडीवर पहिला घाणा तळला जात होता. तिनं तिकडं मानसुद्धा वळवली नाही. रघू आडवाटेनं घरी आला आणि चादर ओढून झोपल्याचं सोंग करून पडला.

मग पंगतीत तसं का बोललो? कंपनीत शिफ्टला बसल्यावर त्यानं स्वतःला बऱ्याचदा विचारलं. उत्तर एवढंच मिळायचं, की सगळे त्याच्याकडे बघत होते आणि हशा सहज मिळणार होता.

सरूचं रात्रीचं जेवण साखरपुड्यापासून कमी झालं. आधी अर्धी भाकरी, मग नुसतं ताक. रघूच्या लक्षात आलं होतं. वजन उतरेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

गुरुवारी सकाळी कंपनीच्या गेटवरून निरोप आला, की तुमची बायको नदीकाठी चक्कर येऊन पडली. मासळी घेऊन बाजाराकडे निघालेल्या रंभा कोळणीनं तिला सावलीत बसवलं होतं, शेजारच्या टपरीवरून साखर आणून तोंडात घातली होती. रघू दवाखान्यात पोचला तेव्हा सरूच्या हाताला सलाईन होतं आणि डॉक्टरीणबाई तिला रागावत होत्या. साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी कुणी चालतं का, असं विचारत होत्या. जेवण कुणी बंद करायला सांगितलं?

"उपास होता," सरू म्हणाली.

रघू खाटेच्या पायथ्याशी उभा होता. सरू गुरुवार करत नव्हती. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

बाईंनी नंतर त्याला बाहेर बोलावून तपासणीचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. चालायला लागण्याआधी सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, नऊच्या वर होती, आता साडेसात. रक्तदाब उतरला होता, एक गोळी कमी करायची होती. नाडी शांत झाली होती. रघूनं दबक्या आवाजात वजनाचं विचारलं.

"वजन कुणाचं उतरतं, कुणाचं नाही," बाई म्हणाल्या. "चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. यकृतावरची चरबी कमी होते. हृदयाला कमी राबावं लागतं. यातलं काही तुमच्या काट्यावर दिसत नाही. तिनं फार कष्टानं कमावलंय हे. तुम्ही तिला पोटभर जेवायला घाला."

रिक्षातून घरी येताना रघूनं एकदाचं सांगून टाकलं, की मी एकदा तुझ्या मागे आलो होतो.

"ठाव हाय मला," सरू म्हणाली. "पुलावर खोकललात ना तुमी."

म्हणजे त्या पंगतीत, ताट समोर असताना, तिला माहीत होतं, की आपला नवरा जाणूनबुजून खोटं बोलतोय.

"मग तेव्हा बोलली का नाय सगळ्यांसमोर?"

"माज्या आयसमोर तुमाला खोटं पाडू?"

रिक्षा स्टेशनच्या वळणावर हळू झाली. सरूनं पुढचा दांडा धरला.

चार दिवस तिनं विश्रांती घेतली. पाचव्या दिवशी सकाळी दूध आणि केळं खाऊन ती बूट चढवायला बसली, तर रघू आधीच तयार होऊन दारात उभा.

"मी पण येतो सोबत," तो म्हणाला. "रोज येईन."

सरूनं बुटाची नाडी घट्ट बांधली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणूनच त्याला आशा वाटली.

"नको," ती म्हणाली. "तेवढा एक तास माज्याकडं कोन बघत नाय. तो ऱ्हाऊ दे मला."

ती जिना उतरली. मध्ये कुठं थांबली नाही. पावलांचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर रघू आत आला, स्वयंपाकघरात उगाच उभा राहिला, मग त्यानं फोन उचलून कासूचा नंबर लावला. पोपटनं घेतला. इतक्या सकाळी फोन म्हणून तो घाबरलाच. रघूनं त्याला सांगितलं, की फोन आईंना द्या, आणि तुम्हीही तिथंच थांबा, दोघांनी ऐका.

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

"सरू बरी हाय ना?" ठमाबाईनं विचारलं.

"व्हय, बरी हाय," रघू म्हणाला. "चालायला गेलीय. आई, त्या दिवशी पंगतीत मी जे बोललो, ते खोटं होतं. ती नदीवरच चालते, मी स्वतः बघितलंय."